न सांगता आलेले

उन्हाळ्यात इंदापुरातल्या साळ्यांच्या गल्लीत उजाडताच ताणे लागत. रस्ताभर ताणलेल्या सुताला कुंच्याने खळ लावायची आणि ती वाळायच्या आत धागे मोकळे करायचे, हे एकट्याचं काम नव्हे. म्हणून ज्याचा ताणा असेल त्याने आदल्या संध्याकाळी घरोघर सांगून यायचं, असा रिवाज होता.

गल्लीतले म्हातारे विणकर आबा मात्र कुणी न सांगताच सगळ्यांकडे हजर असत. बोलताना दर वाक्याला "व्हय का न्हाय?" विचारत आणि कुणी उत्तर दिलं नाही तर स्वतःच "व्हय" म्हणत. बायको गेल्यापासून त्यांचा माग बंद होता.

"आबा, तुमचा ताणा कधी?" बाया चिडवत.

एकदा शाळेत शिकवायला जाताना मी पाहिलं, तर आबांचा ताणा लागलेला आणि ते एकटेच या टोकाहून त्या टोकाला धावत होते.

"कुणाला सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात, मास्तर? मी जातोच की समद्यांकडं."

मी कुंचा उचलला. मला पायजम्याची नाडीसुद्धा धड ओवता येत नाही. कुंच्याच्या चार हातांतच वीसेक धागे तोडले. ऊन चढलं, निम्मं सूत चिकटून वाया गेलं.

"आबा, गल्लीत सांगून येतो," मी ओशाळून म्हणालो.

"नगं. सांगितल्यावर येतीलच की." तुटलेली टोकं जुळवत त्यांनी मान वर केली नाही. "तुमी हितंच थांबा, मास्तर. तोडा आणखी चार."