डोमाजीचा नवा दस्ता

डोमाजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. भाकर बांधून तो सायकलने भरवेलीच्या खाणीत पोचायचा, तेव्हा धड उजाडलेलंही नसे. जमिनीखाली बोगद्याच्या छताला लाकडी टेकू देणं, हे त्याचं काम. सरईच्या झाडाचा ओंडका खांद्यावर वाहायचा, मापात तोडायचा, ठोकून ताठ बसवायचा. अर्धवट ठोकलेला टेकू त्याला खपत नसे. पाळी सुटली की तो शेतात जाई.

शेतात हलकं, लवकर येणारं धान पिकत आलं होतं. रानडुकरं बांध फोडून आत शिरायची आणि उभं पीक लोळवून जायची. घरचा वर्षभराचा तांदूळ त्या धानात होता. पीक राखायच्या लायसनवर डोमाजीने एक स्वस्तातली रायफल घेतली होती. पण ती इतकी हलकी, की घोडा दाबला की नळीच वर उडायची. डुकरं निवांत निघून जायची.

"ही काठी हाये, बंदूक नोहोय," शेजारचा महागू म्हणाला. तो पूर्वी शिकाऱ्यांबरोबर, जनावरं उठवणारा हाकेवाला म्हणून जंगल फिरलेला. आता दारात बसून बिड्या वळायचा. "नळी जाड बसव. खालचा लाकडी दस्ता वजनदार कर. मंग कशी हालते ते पाहू."

डोमाजीने नागपूरच्या बंदूकवाल्याकडून, लायसनवर नोंद करून, जाड नळी बसवून आणली. जुन्या दस्त्याच्या खाचेत ती मावेना. "दस्ता मी करतो," असं तो तिथेच सांगून आला होता. लाकडातलं आपल्याला कोण शिकवणार? सरईचा ताजा, जड तुकडा निवडून त्याने पाळीनंतर रोज तासला. तळहाताला फोड आले, पण दस्त्यावर एक खडबडीत जागा राहू दिली नाही.

पहिल्याच गोळीने बांधावरचं मडकं फुटलं. दसऱ्याला त्याने रायफलीला हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्यानंतर घोळ सुरू झाला. डुक्कर समोर, हात स्थिर, आणि गोळी उजवीकडे. दुसऱ्या दिवशीही उजवीकडे. तो डावीकडे धरून मारू लागला, तर ऊन चढल्यावर तेही चुकू लागलं. डोमाजीला काही कळेना. डोळे गेले म्हणावं, तर खाणीच्या अंधारात त्याला लाकडातली भेग दिसत होती. नळी वाकडी म्हणावी, तर दोरी लावून पाहिली, सरळ होती. पूजेत काही चुकलं का?

"जिजे, तू बंदूक ओलांडली का वं?"

"मी काहून ओलांडू?" त्याची बायको जिजाबाई भडकली. "डुकरं धान खाऊन राह्यली, अन् तुमी मलेच उलटतपासणी करता!"

शेवटी तो रायफल घेऊन महागूच्या दारात गेला. महागूने सुपातलं तेंदूचं पान उचललं आणि नळी व दस्ता यांच्या फटीत सरकवलं. उजवीकडे पान सहज गेलं. डावीकडे अडकलं.

"डोमाजी, लाकूड नळीले ढकलून राह्यलं. ओलं होतं का?"

"हौ. ओलंच पाह्यजे ना! मोडायच्या आधी ओलं लाकूड करकरते, मानूस पळते. वाळलेलं कडकन् जाते. आमी टेकूले वाळलेलं घेतच नाही."

महागू इतका हसला, की त्याच्या हातातली बिडी खाली पडली. "अरे बावा, बंदुकीच्या खाली उभं राहून पळाचं हाये का तुले? ओलं लाकूड वाळते, वाळता वाळता पिळते."

डोमाजी पानाकडे बघत राहिला. ज्या लाकडाने इतकी वर्षं त्याच्या डोक्यावरचा डोंगर धरला, तेच इथे खोटं कसं पडलं? त्याला पटतही नव्हतं आणि पान तर अडकलेलं होतं.

वाळलेलं, जड लाकूड घरात एकच होतं. आजाच्या काळची, मागच्या दाराची, बिजा झाडाच्या लाकडाची चौकट. त्याने ती उपटली.

"घराले दार नाही अन् बंदुकीले दस्ता!" जिजाबाई कपाळाला हात लावून म्हणाली. दाराच्या भगदाडावर तिने पोतं टांगलं.

या खेपेला गोळी जिथे धरली तिथे गेली. एक मोठं डुक्कर बांधावरच पडलं, बाकीची फिरकली नाहीत. धान घरी आलं.

पगार झाल्यावर डोमाजी बालाघाटच्या लाकूडवाल्याकडे गेला. ओली चौकट स्वस्त होती, वाळलेली महाग. तो बराच वेळ दोन्हींवर हात फिरवत उभा राहिला. दाराला छताचा नियम लावायचा की नळीचा, हे त्याला ठरवता येईना. अखेर महागूकडून आणून खिशात जपलेलं ते तेंदूचं पान चाचपून त्याने महागडी, वाळलेली चौकट उचलली आणि खांद्यावरून घरी आणली.