कॅनडा जड, अमेरिका हलकी

दोन्ही तळहात छातीसमोर उताणे धरायचे, डोळे बारीक करायचे आणि उजवा हात सावकाश खाली आणायचा. "कॅनडा जड," काका म्हणायचे. "बोला भिया, कुणाचं काही म्हणणं?" म्हणणं काय असणार! आमच्यापैकी कुणी भोपाळच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. स्कूटरच्या सीटवर ठेवलेले काकांचे पोहे गार होतायत, याचीच आम्हाला जास्त काळजी.

काकांची सगळी नोकरी वजनमाप खात्यात गेली, निम्मी धारला आणि निम्मी देवासला. कुक्षीच्या बाजारापासून खातेगावच्या मंडीपर्यंत ज्यानं ज्यानं काट्याखाली चुंबक चिकटवलेलं असे, तो काकांची टोपी लांबून दिसताच ते खिशात टाकायचा. निवृत्तीनंतर तपासायला काटे उरले नाहीत, म्हणून त्यांनी देश तपासायला घेतले. मुलगी कॅनडात, मुलगा अमेरिकेत. माल घरचाच होता.

देवासच्या टेकरीखालच्या पोह्याच्या ठेल्यावर रोज सकाळी निकाल लागायचा. कॅनडात दवाखान्यात पैसे लागत नाहीत, हा पहिला मुद्दा.

"पण नंबर म्हणे महिनोन् महिने लागत नाही," मी म्हणालो.

"तोवर माणूस आपोआप बरा होतो. हाच तर फायदा!"

अमेरिकेत ज्याच्या त्याच्या घरात बंदूक, आणि कॅनडात तुम्ही कुणाच्या पायावर पाय दिला तर तोच तुम्हाला सॉरी म्हणतो, हा दुसरा मुद्दा. बर्फाचं काय, असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, "बर्फ दोन्हीकडे. तो मी दोन्ही पारड्यांतून काढून टाकलाय." असल्या माणसाशी वाद कसा घालणार?

तुमच्याही ओळखीत असा एखादा न्यायाधीश असेलच. त्याला निकालाचं खरं कारण कधी विचारू नका. तो सांगून टाकतो. मी विचारलं आणि काकांनी सांगून टाकलं.

काकू गेल्या त्या वर्षी दोन्ही मुलांनी काकांना बोलावून घेतलं. काकांनी बरोबर बेसनाच्या लाडवांचे दोन स्टीलचे डबे नेले, दोन्हींवर काकूंचं नाव कोरलेलं. एक डबा कॅनडातल्या शेजाऱ्यांना, एक अमेरिकेतल्या. आमच्या गल्लीत शेजारून आलेला डबा रिकामा परत जात नाही. काही नसलं तर मूठभर साखर तरी जाते. काकांनी याच मापानं दोन देश मोजले. कॅनडाच्या शेजारणीनं तिसऱ्या दिवशी डबा आणून दिला, आत घरी केलेला केक. अमेरिकेतला डबा दोन आठवडे झाले तरी येईना. शेवटी काकांनी जाऊन बेल वाजवली आणि सरकारी नोटिशीच्या इंग्रजीत डबा परत मागितला. शेजारी बिचारा गोंधळला. डबा कुठं गेला ते त्याला आठवत नव्हतं.

संध्याकाळी मुलाला कळलं. "बाबा, इथं लोकांच्या दारात जाऊन डबे मागत नाहीत. मला राहायचंय इथं."

"तुझ्या आईचं नाव होतं त्याच्यावर," काका म्हणाले.

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे दोघंही हटून बसले. काका ठरल्यापेक्षा दहा दिवस आधी परत आले आणि तेव्हापासून बापलेकांचं बोलणं दिवाळी-दसऱ्यापुरतं उरलं. म्हणजे आम्ही रोज पोह्यांबरोबर जे ऐकत होतो ते परराष्ट्र धोरण वगैरे काही नव्हतं. ते एका घरातलं भांडण होतं.

आणि मग एका सोमवारी काका आले आणि म्हणाले, "अमेरिकेसारखा देश नाही, भिया."

पोहेवाल्याचा झारा हवेतच थांबला.

"और कॅनडा?" त्यानं विचारलं.

"ठीक आहे. जरा झोपाळू आहे."

"आणि फुकटचे दवाखाने?" मी म्हणालो.

"माणसानं निरोगी राहावं."

"आणि डबा?"

"ठेवून घेतला म्हणजे आवडला असेल! परत केला ती नुसती फॉर्मॅलिटी."

मी खो खो हसलो. "काका, तुमच्या काट्याखाली कुणी चुंबक लावलं?" असंही विचारलं. काका हसले नाहीत. पोहे अर्धे टाकून निघून गेले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दोन दिवसांनी कॅनडाहून त्यांच्या मुलीचा फोन आला. "दादा, बाबांकडे जरा लक्ष द्या. भावाची नोकरी गेलीय. दोन महिने त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मी रविवारी बाबांना सांगितलं." मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरगा तिकडे पडलेला असताना ठेल्यावर कुणी अमेरिकेला नावं ठेवलेली काकांना चालणार नव्हती. त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं ठेवली होती ती गोष्ट वेगळी.

मी त्यांच्या घरी गेलो तर काका बॅग भरत होते. व्हिसा जुनाच होता, अजून चालणारा.

"मुलानं बोलावलं?"

"नाही."

"मग त्याला कळवलं तरी?"

"तपासणीला कळवून जातात का कधी?"

"तुमची मुलगी म्हणत होती, तिच्याकडे या. तिथं तुम्हाला आराम मिळेल."

काकांनी स्वेटरची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तिच्याकडे सगळं बरं आहे. जिथं बरं आहे तिथं जाऊन मी काय करू, भिया?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना इंदूरच्या विमानतळावर सोडलं. मुलगा दार उघडेल की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं. ठेल्यावर मी कुणाला काही सांगितलं नाही. तिथं आता क्रिकेट चालतं, आणि खरं सांगायचं तर फार कंटाळा येतो.

तीन आठवडे काही कळलं नाही. मग एका संध्याकाळी फोन वाजला. तिकडे तेव्हा सकाळ असावी.

"काय काका, शेवटी काय ठरलं? कॅनडा की अमेरिका?"

"हळू बोल," काका कुजबुजले. "पोरगा आरशासमोर उभा आहे."

"मग?"

"दाढी करतोय, भिया. मी आल्यापासून पहिल्यांदा."

काकांनी फोन ठेवला नाही. पलीकडे नळ वाहत होता. आम्ही दोघं तो ऐकत राहिलो.