सिंहांना आणखी एक दिवस

नवीन जालन्यातल्या टूरवाल्याच्या ऑफिसात आम्ही आफ्रिकेला निघालेले सगळे जमलो होतो. तो म्हणाला, "झिम्बाब्वेचं जुनं दगडी शहर गाळलं, तर सिंहांना आणखी एक दिवस मिळतो. कुणाकुणाला चालेल?" पहिला हात अर्थात माझा. वर विनोदही मारला, "दगडं पाहायला इतक्या लांब कशाला? आपल्या रानात काय कमी हायेत?"

सगळे हसले. एक गृहस्थ तेवढे मघापासून नकाशाच्या सुरकुत्या अंगठ्याने दाबून सपाट करत बसले होते. ते ताडकन उठले.

"साहेब, उद्या कुणी अजिंठ्याला आला अन् नुसती माकडं पाहून गेला, तर काय म्हणाल त्याला?"

"अहो, गंमत केली..."

"तिथल्या माणसांनी बांधलेली एकच जागा होती ह्या सगळ्यात. तेवढी बी जड झाली? माझं नाव काढा!"

नकाशाची घडी त्यांनी खिशात कोंबली. दार आपटून ते गेले.

मी भडकलो. "हा कोण मला शिकवणारा?"

बायको माझ्याहून भडकलेली. "त्यांना बोलवून आणा. ते शहर राह्यलं तरच मी येणार, न्हाई तर न्हाई."

चडफडत रस्त्यावर आलो. ते पुढे दिसत होते, पण नाव कुणाला ठाऊक? "ओ आफ्रिकावाले!" मी ओरडलो. त्यांनी वळून पाहिलं नाही. एक ऑटो तेवढा थांबला.