चिमट्याचं माप

हात बघितला की बांगडीचं माप सांगायचं, हा आमच्या घराण्याचा जुना तोरा. अब्बा नुसत्या पंजावरून माप काढायचे आणि मीही काढतो. भोरच्या आमच्या दुकानात मापाचं कडं ठेवलेलं नाही. एखादी पुण्याची पाहुणी "मोजून बघता का?" म्हणाली की माझं डोकं सरकतं. मग मी मुद्दाम न मोजता बांगडी काढून देतो आणि ती बरोबर बसते.

वेल्ह्याच्या आठवडी बाजाराला आम्ही नवरा-बायको अब्बांच्याच मोटारसायकलवर जातो. जुनी टू-स्ट्रोक गाडी, दोन बाजूंना दोन सायलेन्सर. आम्ही मार्गासनी सोडली की आवाजानंच विंझरच्या बाया हात धुऊन तयार बसतात, असं मी सांगतो. बायको म्हणते, आवाजाच्या आधी धूर पोचतो. कॅरिअरला दोन्हीकडे मालाच्या पेट्या बांधलेल्या असतात आणि काचेच्या बारीक बांगड्यांची पेटी तिच्या मांडीवर. मी माप सांगायचं, बांगड्या तिनं भरायच्या, अशी आमची वाटणी आहे. कितीही राठ हात असो, ती बोलत बोलत अंगठा आत मुडपते, पंजा दाबते, आणि बाईला कळायच्या आत बांगडी मनगटावर येते.

गेल्या पावसाळ्यानंतर रस्ता पार उखडला होता. मार्गासनीच्या पुढच्या वळणावर पुढचं चाक खड्ड्यात आपटलं आणि हँडल डावी-उजवीकडे असं थडथडायला लागलं की हातात राहीना. पडलो नाही, ते माझ्या हातामुळे, हे मी आजही सांगेन. पण मांडीवरची पेटी निसटून रस्त्यावर गेली. आमच्या घरात बांगडी फुटली असं कुणी बोलत नाही, वाढली म्हणायचं असतं. बायको खाली उतरली, हिरव्या काचांकडे बघत राहिली आणि स्वच्छ म्हणाली, "फुटल्या."

मग पदर खोचून म्हणाली, "म्या आता यष्टीनं येणार. ह्या गाडीवर पुन्यांदा न्हाई."

बोलल्याप्रमाणे तिनं केलं. मी माल घेऊन पुढे जायचो, ती यष्टीनं मागून यायची, तोवर बाजार अर्धा झालेला असायचा. नव्या सुना माझ्यापुढे हात करायला लाजतात, त्या नुसत्याच बघून निघून जायच्या. पण खोटं कशाला बोलू, धंद्यापेक्षा मला दुसरंच लागलं होतं. भोरपासून वेल्ह्यापर्यंत ती माझ्या कानाशी अखंड बोलत असते. कुणाची सून रुसली, कुणाला बाळ झालं, मी सकाळी चहात साखर जास्त का घेतली. ते बोलणं बंद झालं आणि मला रस्ता लांब वाटायला लागला. ती पुन्हा कधीच मागं बसणार नसेल तर मला ही गाडी ठेवायचीच नव्हती, आणि अब्बांची गाडी विकायची कल्पनाही सहन होत नव्हती.

म्हणून स्टँडजवळच्या मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यानं पुढचं चाक उचलून हलवून बघितलं, आरे तपासले, हँडलचे झिजलेले बेअरिंग बदलले. मग म्हणाला, "बाकी गाडी धडधाकट हाय. पण पुढलं चाक दोन्हीकडनं धरनारा चिमटा बारीक हाय हिचा. एवढा माल नि दोन माणसं घेतली की खड्ड्यात एक पाय हिकडं पिळतो, एक तिकडं. दोन्ही पाय एकमेकाला बांधणारी पट्टी घाला. ब्रेस म्हणत्यात. माप घेऊन मागवा पण."

शेवटचं वाक्य मी सोडून दिलं. मला आणि माप घ्यायला सांगतो!

मोबाईलवर दोन तऱ्हेच्या ब्रेस दिसल्या. एक साधी, तीन तुकड्यांची. तिची मधली पट्टी लांबट भोकांतून थोडी सरकवून चिमट्याच्या रुंदीला जुळवता यायची. दुसरी एकसंध, आरशासारखी चकचकीत. मी चिमट्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि चकचकीत मागवली. माझ्या अंदाजानं ती केसभर तंग होती, आणि तंग तेच चांगलं. सैल बांगडी हातात टिकत नाही, हे आम्ही पाळण्यातच शिकतो.

ब्रेस आली तेव्हा मेकॅनिक सासुरवाडीला उरुसाला गेला होता. मी थांबणाऱ्यातला नाही. अंगणात गाडी उभी केली. ब्रेस बसेना. मग आडमुठ्या हाताला साबण लावतो तसं ग्रीस लावलं, गुडघ्यांनी चिमट्याचे पाय आत दाबले आणि चढवलीच. नट आवळले आणि गावातून एक फेरी मारली. हँडल जागचं हललं नाही. मनगटाला दणके बसत होते, पण ते मजबुतीचे आहेत असं मी ठरवून टाकलं.

घरी येऊन बायकोला हाक मारली. "बघ आता. दगडासारखी झाली."

ती आली. दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि पंजा दाबते तसं गाडीचं पुढचं अंग खाली दाबलं. गाडी जेमतेम बोटभर गेली आणि कुरकुरत तिथंच राहिली.

"ही दबत का न्हाई?"

"कशी दबेल? घट्ट केलीय."

"घट्ट न्हाई, तंग झालीय," ती म्हणाली. "बांगडी हातात गेली म्हंजे झालं का? मनगटावर फिराया नको? लहान माप घातलंय तुमी."

आजवर कुणी मला असं म्हटलं नव्हतं. मी तिला ऐकवलं की हात वेगळा आणि चिमटा वेगळा. बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की तिचंही म्हणणं तेच आहे. हात दबतो आणि पुन्हा मोकळा होतो. लोखंड दबून बसत नाही, ते अडतं. चिमट्याच्या पायांतल्या खालच्या नळ्या आत ओढल्या गेल्या होत्या आणि वरच्या नळ्या त्यांच्यात सरकत नव्हत्या. खड्डा चिमट्यानं गिळायचा, तो सगळा हँडलवर येत होता. मी नट सैल केले तसे चिमट्याचे पाय टणकन बाहेर आले. ती हसली नाही, तेवढे उपकार केले.

दुसरी, साधी ब्रेस मागवली ती मात्र मेकॅनिककडून माप घेऊन. त्यानं हे काम घाईनं केलं नाही. खालच्या नळीच्या तोंडाशी तेल अडवणारं रबरी सील असतं, ते न चेपता ब्रेस बसवली, मधल्या पट्टीचे आणि चाकाच्या आसाचे नट सैलच ठेवले. पुढचा ब्रेक धरून मला गाडी खालीवर दाबायला लावली, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागेवर येतात. मग आधी आस आवळला आणि नंतर पट्टी, आलटून पालटून, थोडी थोडी. गाडी पूर्ण खाली दाबल्यावर ब्रेस हॉर्नला किंवा वरच्या कशाला लागत नाही ना, हेही बघितलं. घरी आल्यावर बायकोनं पुन्हा हँडल दाबलं. पुढचं अंग खाली बसलं आणि मऊ वर आलं. ती आत निघून गेली.

बाजाराच्या सकाळी मी पेट्या बांधल्या आणि यष्टीची वेळ झाली हे तिला सांगणार, तोच ती काचेची पेटी घेऊन मागं बसली. नसरापूर सोडेपर्यंत गप्प होती. नंतर तिला विंझरच्या एका म्हातारीची आठवण झाली आणि ती म्हातारी आपल्या सुनेचं गाऱ्हाणं कसं सांगते ते सुरू झालं.

मार्गासनी मागं पडली. वळण दिसलं तशी माझी मूठ आवळली. तिला उतरायचं असेल तर उतरता यावं, म्हणून मी वेग कमी केला. चाक खड्ड्यात गेलं, पुढचं अंग बसलं, उठलं, हँडल सरळ राहिलं. मागं बायकोच्या गोष्टीत म्हातारीची सून भाकरी करपवत होती, सासू बोलत होती, नवरा मध्ये पडत होता. वळण संपलं तरी तिचं ते वाक्य संपलं नव्हतं.