आबांच्या कॅसेटवरचं डेथ मेटल

वडिलांचा एकमेव रेकॉर्ड केलेला आवाज मी पुसून टाकला. गडबडीत नाही... नीट तपासून, चिकटपट्टी वगैरे लावून. आणि त्यावर काय भरलं? स्वीडनच्या एका बँडचं डेथ मेटल.

भुतंखेतं, आत्मे, संकेत – मी यातला माणूस नाही. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करत होतो आणि खोलीच्या भिंतीवर कवट्यांची पोस्टरं लावून झोपत होतो. मला भीती एकाच व्यक्तीची वाटायची – आईची. तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर हसा, मीही बरेच दिवस हसून बघितलं.

गोष्ट चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची. आमचं घर मुळात मेंढपाळाचं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, भवानीनगरला कारखान्यात नोकरी धरली, पण मेंढरं पुरती सुटली नाहीत. आठ मेंढ्या त्यांनी धाकट्या भावाच्या – तात्यांच्या – कळपात ठेवल्या होत्या. कानाला दोन खाचा असलेल्या त्या आबांच्या, हीच खूण. सुट्टी मिळाली की तात्यांचा कळप असेल तिथं सायकलनं जायचे आणि लांबूनच हाळी द्यायचे. छातीच्या तळातून निघालेली घरघर, लांबत जाणारी, शेवटी तुटणारी. शेकडो मेंढरांतून नेमक्या आठ पळत यायच्या.

मला लाज वाटायची त्या आवाजाची.

मी बारामतीला कॉलेजात, जळोचीत खोली करून. खोलीतला पार्टनर संज्या. त्याचा मामेभाऊ जहाजावर होता, तो परदेशातून कॅसेटी आणायचा. संज्यानं मला मेटल संगीताची दीक्षाच दिली. ब्लॅक मेटल म्हणजे चिरकं – पत्र्याच्या डब्यात कोंडलेला माणूस हिवाळ्यात किंचाळतोय असं. डेथ मेटल जाड. गिटारच्या तारा सैल सोडून इतक्या खाली लावलेल्या की सूर पोटात वाजतो, ड्रम मळणीयंत्रासारखे, आणि गाणारा गातच नाही, घशाच्या बुडातून घरघरतो. मी वेडा झालो. समुद्रापलीकडचा कोणी माणूस छातीतून घरघरतोय म्हणून आरशापुढं उभा राहून त्याची नक्कल करायचो... घरी एक माणूस फुकट तेच करत होता, ते गावंढळ!

तर, संज्याकडची त्या स्वीडनच्या बँडची कॅसेट मला उतरवून घ्यायची होती आणि कोरी कॅसेट नव्हती. घरी आईच्या ट्रंकेत एक सापडली. नाव काही लिहिलेलं नाही, नुसता एका बाजूला लाल डाग. मिनिटभर वाजवून बघितली – नुसती खरखर. म्हणजे रिकामी. कोपऱ्यातला प्लास्टिकचा तुकडा मात्र मोडलेला होता. तो कशासाठी मोडतात? वर कोणी दुसरं काही भरू नये म्हणून. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी भोकावर चिकटपट्टी लावली आणि संज्याच्या दोन कॅसेटी बसणाऱ्या डबल डेकवर अख्खा अल्बम भरला.

पुढं कळलं ते असं – बिरोबाच्या जत्रेत तात्यांनी टेपरेकॉर्डर समोर ठेवून आबांना ओव्या म्हणायला लावल्या होत्या, शेवटी मेंढरांची हाळीसुद्धा. पण आबा लाजाळू. मशीन चालू झाल्यावर दोन मिनिटं नुसते गप्प बसले. ती खरखर म्हणजे माझे वडील लाजत होते. आणि तो डाग म्हणजे आईनं लावलेलं कुंकवाचं बोट.

त्याच हिवाळ्यात आबा गेले. रविवार होता, मी घरी आलो होतो. कॉटवर पडून, कानाला वॉकमनचे हेडफोन. अंगणातून आबांनी मला तीन हाका मारल्या – हे आईनं नंतर सांगितलं. मग ते सायकल काढून ड्युटीला निघाले आणि रस्त्यातच छातीत कळ येऊन पडले. हाका कशासाठी मारत होते, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तेरावं झालं आणि आई म्हणाली, "ट्रंकेतली कॅसेट तू नेलीस न्हवं? दे. यांचा आवाज ऐकायचाय."

तेव्हा मला समजलं मी काय पुसलंय.

"फीत अडकलीय, दुरुस्तीला टाकलीय," मी म्हणालो. मग दर आठवड्याला ती विचारणार आणि मी नवं काहीतरी सांगणार. त्या बिचाऱ्या दुकानदाराला मी आधी गावाला पाठवलं, मग कावीळ केली, शेवटी त्याच्या बहिणीचं लग्न लावलं. तीन महिने आई फक्त "बरं" म्हणायची.

मार्चमध्ये तात्यांचा कळप जळोचीत एका शेतात खतासाठी बसला होता. मी चारला कॉलेजातून आलो तर संज्या दारात, चेहरा उतरलेला.

"तुझी आई येऊन गेली. फळीवरची ती लाल डागवाली कॅसेट घेतली आणि गेली मेंढरांकडं."

मी धावत सुटलो. पोचलो तोवर बटण दाबून झालेलं. बाभळीखाली घोंगडीवर टेपरेकॉर्डर, शेजारी आई, आणि रानभर स्वीडन घुमतंय. तात्या तोंड उघडं टाकून उभे.

"वैनी, ह्यो काय आबा न्हवं," तात्या म्हणाले. "ह्याच्या घशात कुणीतरी कुदळ घातलीय."

मी बंद करायला वाकलो. आईनं माझा हात धरला. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. नुसती दूर बघत होती.

पलीकडच्या कडेला चरणाऱ्या कळपातून एका मेंढीनं मान वर केली. मग दुसरीनं. कळप हलला नाही, पण त्यातून एकेक करत मेंढ्या सुटल्या आणि ढेकळांतून सरळ आमच्याकडं पळत आल्या. टेपरेकॉर्डरभोवती उभ्या राहिल्या, धापा टाकत. आठ. मी कान बघितले. प्रत्येकीला दोन खाचा.

तात्यांनी हातातली काठी खाली टाकली. "आबा गेल्यापास्नं ह्या माझ्या हाळीला येत न्हाईत रं. काठी घिऊन वळवाव्या लागत्यात."

मी तिथंच आईच्या पायाशी बसून सगळं कबूल केलं. एका मेंढीनं टेपरेकॉर्डरवर नाक टेकवलं होतं, तिच्या डोक्यावरून आई हात फिरवत राहिली.

माझ्यातला फिजिक्सवाला गप्प बसतो काय? दुसऱ्या दिवशी संज्याची मूळ कॅसेट नेली. तोच अल्बम, तीच गाणी. मेंढरं बुजून पांगली, तात्यांचं कुत्रं तासभर भुंकलं. लगेच लाल डागवाली, आबांची लावली – आठ आल्या. आणखी दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. बारामतीत एका खऱ्याखुऱ्या दुरुस्तीवाल्याकडं डबल डेक नेला. तो म्हणाला, जुना आवाज पुसणारं इरेज हेड ठणठणीत आहे, खालचं काही उरणं शक्य नाही. मी हेडफोन लावून ती कॅसेट किती वेळा ऐकली, मोजलं नाही. दोन गाण्यांमधल्या शांततेत श्वास रोखून ऐकली. स्वीडनशिवाय काही नाही.

त्या आठ मेंढ्या तात्यांनी विकल्या नाहीत, एकेक करून म्हाताऱ्या होऊन गेल्या. कॅसेट आईकडं ट्रंकेत परत गेली. कधी दुपारी ती लावायची आणि भाकरी थापता थापता मध्येच हात थांबवायची, जरा हसायची.

एकदा मी धीर करून विचारलं, "आई, तुला खरंच आबा ऐकू येतात यात?"

"व्हय. आदी लाजत्यात, मग म्हणत्यात."

"मग मला का नाही गं येत?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"ते जित्ते हुते, तवा तरी तुला कुठं येत हुतं?"