'कळवतो' म्हणणारी माणसं

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत त्या काळी जेवढी म्हणून पोरं रांगत होती, त्यांतल्या निम्म्या पोरांच्या जन्माला आमच्या थोरल्या मावशीचे यजमान जबाबदार होते. गैरसमज नको. काका, गावाचे तात्या, लग्नं जमवायचे. राहायला वरकुट्याला, घराणं पूर्वी मेंढरांमागं हिंडणारं. पुढे पाटाचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली, पण काकांच्या अंगातलं हाकणं काही गेलं नाही. "मेंढरू असू दे न्हायतर नवरदेव," ते म्हणायचे, "पुढनं वढलं की पाय रोवतंय. मागनं हाकावं लागतं." मोबदला म्हणून एक फेटा आणि पहिल्या पंगतीतलं पान, एवढंच घ्यायचे. घरात फेट्यांची अशी चळत झाली की मावशीनं त्यांच्या गोधड्या शिवल्या, आणि आम्ही सगळी भाचरं थंडीत कुणाच्या ना कुणाच्या लग्नात गुरफटून झोपायचो.

काकांना सगळी दुनियाच लग्नाच्या वयाची दिसायची. म्हैस घ्यायला बाजारात गेले तर तिच्याभोवती एक चक्कर मारून मालकाला विचारणार, "घराणं कुठलं?" गावात नवीन मास्तर बदलून आला तर त्याच्या नावाआधी त्याचं देवक विचारणार. एसटीत त्यांच्या शेजारी लासुर्ण्याला चढलेला माणूस इंदापूरला उतरेपर्यंत कुणाचा तरी व्याही झालेला असायचा. कुणाच्याही घरी गेले तरी खुर्चीच्या अगदी कडेला, कधीही उठून जाऊ शकेन अशा बेतानं बसायचे. "मध्यस्थानं पाठ टेकायची नसती. टेकला की एका बाजूचा झाला." त्यामुळे काकांची पाठ कुठल्याही खुर्चीला लागलेली कुणी पाहिली नव्हती. मावशी तर म्हणायची, झोपतात तेसुद्धा कुशीवर.

खोटं मात्र ते बोलत नसत. "खोटं न्हाय बोलायचं. पण खरं समदंच्या समदं ताटात वाढायचं पण न्हाय. पाव्हण्याला पचलं पायजे." मुलगा दिवसभर लोळत असेल तर "घर सोडून कुठं जात न्हाय." दहावीला चार वेळा बसला असेल तर "चिकाटी लय." सासू कजाग असेल तर "त्या घरात समदं टायमावर हुतं बगा." लग्न लागलं की दोन्ही बाजूंना हळूहळू उमगायचं, आणि तोवर काका तिसऱ्याच गावात पान खात बसलेले असायचे.

एका शब्दाची मात्र त्यांना भयंकर धास्ती होती. मुलगी बघून झाली, पोहे झाले, चहा झाला, आणि पाहुणे उठता उठता "कळवतो" म्हणाले, की काका तोंडात टाकलेलं पान थुंकून टाकायचे. "संपलं! पसंत पडली आसती तर हितंच साखर मागितली आसती. 'कळवतो' म्हणून गेलेला माणूस परत कळवाय आलेला मी हयातीत बघितला न्हाय. नकार हाय त्यो, सभ्य माणसाचा." आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुलीची आई "कळवतो" ऐकलं की आत जाऊन उरलेले पोहे घरच्यांना वाढायला घ्यायची.

आता माझी कथा. मी लासुर्ण्याची. बारामतीला कॉलेजात शिकत होते आणि डोक्यात एकच खूळ होतं, माती. आमच्याकडे उसाला पाणी पाजून पाजून रानं खारावली होती. वर पांढरं मीठ फुटायचं. मी ज्या त्या रानातलं ढेकूळ उचलून जिभेला लावून बघायचे, आणि आई लोकांसमोर माझ्या हातावर चापट मारायची. आमच्या सरांना मात्र ते खूळ पटलं. इंग्लंडातलं एक जुनं, भलतंच मानाचं विद्यापीठ होतं. तिथं जायला देशभरातून हुशार मुलं धडपडायची आणि शिष्यवृत्ती मिळायची ती बोटांवर मोजण्याइतक्यांना. मिळाली तर फी, राहणं, खाणं, विमान, सगळं त्यांचं. सरांनी मला अर्ज करायला लावला आणि माझं नाव चक्क मुलाखतीपर्यंत पोचलं. नेमकं त्याच महिन्यात काकांनी माझ्यासाठी पणदऱ्याचं स्थळ आणलं. बागायत, दुधाचा धंदा, दारात नवा ट्रॅक्टर, आणि मुलगा "घर सोडून कुठं जात न्हाय" असा.

मी रडत वरकुट्याला गेले आणि काकांना शिष्यवृत्तीचं सांगितलं. त्यांनी खुर्चीच्या कडेवरून उलटतपासणी घेतली.

"म्हंजी पोरगी बी त्येच नेणार?"

"व्हय."

"खर्च बी त्येच करणार? आपून कायबी द्यायचं न्हाय?"

"कायबी न्हाय."

काका ताडकन उठले. "आगं, मग ह्यो देज झाला की! आपल्यात पूर्वी नवऱ्याकडचे मुलीच्या बापाला देज द्यायचे. मला वाटलं त्यो रिवाज बुडाला. साहेबानं टिकवला म्हणायचा!"

आणि त्याच पावली लासुर्ण्याला येऊन त्यांनी माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, गाठलं. "पाव्हणं, लय मोठं स्थळ आलंय. इंग्लंडचं."

आबा भांबावले. "मुलगा काय करतो?"

"मुलगा न्हाय. युनिव्हर्सिटी हाय."

"आन् पणदऱ्याचं हो तात्या? तुमीच आणलंय ते."

"दोन्ही मीच आणलीत. दोन्ही दाखवू. पसंती तुमची."

आबा माझे वाईट नव्हते, पण पोरीच्या लग्नाचा धसका घेतलेले होते. बराच वेळ सुपारी कातरून झाल्यावर त्यांनी निकाल दिला: साहेबाच्या माणसांनी पसंत केली तर पोरगी जाईल, न्हाय म्हणाले तर तुळशीचं लग्न झाल्यावर पहिल्या मुहूर्ताला पणदऱ्याच्या मांडवात उभी राहील. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका मुलाखतीवर येऊन बसलं.

काकांना मुलाखत एकाच प्रकारची ठाऊक. त्यांनी माझी तयारी बघण्याच्या कार्यक्रमासारखी करून घेतली. मावशी आणि शेजारची म्हातारी ही इंग्लंडची माणसं. मी ट्रे घेऊन यायचं, खाली बघून बसायचं. सर म्हणायचे समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोल. काका म्हणायचे डोळ्यांत बघणारी पोरगी वाटण्या मागते. "चालून दाखीव," म्हातारी फर्मावायची, कारण तिच्या वेळी तिला चालवलं होतं. "सुईत दोरा व्हव." आणि शेवटी काकांचा ठेवणीतला प्रश्न: "सैपाक येतो का?"

"काका, ते मातीचं विचारतील, स्वयंपाकाचं नाही!"

"समदी विचारत्यात. हितं मराठीत विचारत्यात, तितं इंग्रजीत विचारतील."

पुण्याला मुलाखतीला माझ्यासोबत काकाच आले. डोक्याला ठेवणीतला फेटा, हातात पेढ्यांचा डबा. बाहेर बाकांवर मोठमोठ्या कॉलेजांतली मुलं इंग्रजीत एकमेकांना धीर देत होती, आणि काका त्यांतल्या एकाला "देवक कुठलं तुमचं?" विचारत होते. आत तिघं जण होते: अध्यक्ष म्हणून पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक, एक शास्त्रज्ञ बाई आणि खुद्द विद्यापीठाचा गोरा साहेब. मातीवर बोलायला लागले आणि माझी भीती गेली. खाली बघायचं ते विसरले, चांगली डोळ्यांत बघून वाद घातला. सगळं आटोपत आलं तेव्हा बाई मायेनं इंग्रजीत म्हणाल्या, "तिकडे एकटी राहशील. स्वयंपाक येतो का ग?" मला असं हसू फुटलं की आवरेना. साहेब घाबरला, त्यानं पाण्याचा पेला पुढे केला.

तेवढ्यात दार ढकलून काका आत. "आता मुलीकडचं दोन शब्द." प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला, पण फेट्याकडे बघून खुर्ची दिली. काका कडेला टेकले. "लेकीला सुट्टीत माहेरी धाडणार का? आजारी पडली तर उशाला कोण बसणार? आन् शिकून झालं की ठिवून तर घेणार न्हाय?" बाईंनी हसू दाबत भाषांतर केलं. साहेब मात्र अजिबात हसला नाही. त्यानं एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं: सुट्टी असते, डॉक्टर असतो, आणि शिकून झाल्यावर आपल्या देशात परतायचं ही तर त्यांचीच अट. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, पहिला पेढा साहेबाला द्यायला उचलला, आणि अध्यक्ष उठत म्हणाले, "छान. आम्ही कळवतो."

काकांचा हात तसाच थांबला. पेढा डब्यात परत गेला, झाकण लागलं.

मी एसटीत त्यांना परोपरीनं समजावलं, "काका, इथं कळवतो म्हणजे खरंच कळवतात." त्यांनी माझ्याकडे अशा काही दयेनं बघितलं की मोरगाव येईपर्यंत माझाही धीर सुटला. हयात त्या शब्दात घालवलेला माणूस. त्याला नसेल कळत तर कुणाला? मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि काकांनी एक पेढा माझ्या हातावर ठेवला. अजून आठवतं, अतिशय गोड होता.

'कळवतो' हाच नकार धरून आबांनी शब्दाप्रमाणे पणदऱ्याच्या पाहुण्यांना बोलावलं. दिवाळी झाली होती, अंगण सारवलेलं होतं. मी ट्रे घेऊन आले, खाली बघून बसले. सराव दांडगा होता. मुलाच्या वडिलांनी काकांना विचारलं, "तात्या, मुलगी कशी हाय? तुमच्या घरातलीच. तुमी सांगाल ते खरं."

काकांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं समदंच्या समदं ताटात वाढलं. "मुलगी माती खाती."

मुलाच्या वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली.

"म्हंजी चाखती. कुणाचं बी रान असू दे, ढेकूळ उचलून जिभेला लावती. भाकरी थापती तिला चार कोपरं असत्यात. बापाला उलट बोलती. मला बी बोलती. पुण्याला साहेबाला बोलली. दुपारी चूल पेटवून पुस्तक घेऊन बसती, आन् भात लागला की त्यात पाणी वतून वाद घालती की लागलाच न्हाय." सगळं खरं होतं. भाताचं तर आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मुलाच्या आईनं पदर सावरला. मुलाचे वडील उठले आणि म्हणाले, "बरं तर. कळवतो."

पाहुणे फाटकाबाहेर पडायची खोटी, आबा कडाडले, "तात्या! स्थळ तुमीच आणलं, तुमीच मोडलं. तुमी हाय तरी कुणाच्या बाजूनं?"

 काकांनी खुर्चीत मागं सरकून सावकाश पाठ टेकली. अगदी पूर्ण टेकली. खुर्चीला सवय नसावी, ती कुरकुरली. मग म्हणाले, "दिसत न्हाय व्हय, पाव्हणं? टेकून बसलोय की. एका साहेबानं नको म्हटलं तर दुसरा बघू. अमेरिकेचं बघू, दिल्लीचं बघू. एका नकारावर पोरगी कुठं बी ढकलायची का?" आबा तोंड फिरवून गोठ्यात गेले. मला त्या क्षणी उठून काकांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण माझ्या हातात ट्रे होता. पणदऱ्यानं त्यानंतर काकांना कधी फेटा बांधला नाही, आणि आसपासच्या चार गावांनीही बरीच वर्षं त्यांच्याकडे मुलगी दाखवायला दिली नाही.

आणि मग एके दिवशी पोस्टमन आला. निवड झाली होती. मी धावत एसटी पकडून वरकुट्याला गेले, काकांना वाचून दाखवलं. काकांचा विश्वासच बसेना. "परत वाच," म्हणाले. परत वाचलं. मग पत्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "कळवतो म्हणाली, आन् खरंच कळवलं! काय माणसं म्हणायची ही! पोरी, तू खुशाल जा. आसल्या घरात तुला काय कमी पडायचं न्हाय."

बारामतीच्या स्टँडवर मला पोचवायला निम्मं लासुर्णं आलं होतं. काकांनी शेकड्यांनी पाठवण्या पाहिल्या होत्या. मुलीकडचे रडायला लागले की ते एसटीचं वेळापत्रक वाचायला जायचे. त्या दिवशीही गेले, पण वेळापत्रकाकडे पाठ करून उभे राहिले. मी पाया पडून म्हटलं, "काका, पोचल्यावर कळवते."

ते असे दचकले! "कळवते नको म्हणू, बाय. येते म्हण."

"येते," मी म्हटलं. तेव्हा कुठं त्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले.

मी आलेही. साहेबाची अटच होती, आणि काकांची त्याहून कडक. त्याच खारावलेल्या रानांमधून हिंडायला लागले, उघडउघड माती चाखायला लागले, आणि बांधावर काका लोकांना सांगायचे, "इंग्लंडला दिली होती. नांदून परत आली." मी परतल्याला दशक होत आलं, तेव्हा त्यांना धाप लागायला लागली. बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर तपासून गेले, जाता जाता दारातून म्हणाले, "रिपोर्ट आले की कळवतो." काकांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत तीच जुनी बेरकी चमक. "ऐकलंस न्हवं? सभ्य माणूस हाय."

"काहीतरीच काय, काका! हा डॉक्टर आहे. हे खरंच कळवतात."

"व्हय, व्हय. साहेबासारखं." उशीला पाठ टेकून पडले होते, अगदी पूर्ण टेकून. मी उठले, पांघरूण नीट केलं आणि शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "उद्या येते."

"ये की," काका म्हणाले. मग एक भुवई उडवून, हळूच, "मी हाय का न्हाय ते कळवतो."

दोघंही हसलो. मी दाराबाहेर जिन्यापर्यंत हसत गेले, आणि पहिल्याच पायरीवर बसून ढसाढसा रडले.