दोन बोटं खाली

माझी थोरली बहीण खेळाडूंची ताकद वाढवते आणि मी तिच्या हॉलवर हजेरी लिहितो. लोकांना वाटतं, ती दिवसभर पोरांकडून वजनं उचलून घेत असेल. खरं तर तिचा निम्मा वेळ त्यांना वजनांपासून लांब ठेवण्यात जातो.

दर सोमवारी प्रत्येकाने बोटांना खडू फासायचा आणि जागेवरूनच उंच उडी मारून भिंतीवर ठसा उमटवायचा. ठसा नेहमीच्या खुणेपेक्षा दोन बोटं खाली आला, की अंग थकलंय असं समजायचं आणि चार दिवस लोखंडाला हात लावायचा नाही. मग कोणी कितीही गयावया करो. भिंतीवर एक खूण ताईचीही आहे, हॉल सुरू झाला त्या दिवसाची. त्यानंतर बाईसाहेबांनी स्वतःला या नियमातून सूट देऊन टाकली.

निवड चाचणीला सहा दिवस उरले असताना गोळाफेकीतल्या पोरीचा, आमच्या तोफेचा, ठसा तीन बोटं खाली आला. पुढच्या वर्षी ती वयोगटात बसणार नव्हती.

"घरी जा, जेव आणि झोप," ताई म्हणाली.

दुपारी तोफेचे वडील शिवणकाम अर्धवट टाकून आले, गळ्यात टेप तसाच.

"बाकीच्या पोरी घाम गाळतायत आणि आमची घोरत पडलीय. संधी हुकली तर तुम्ही परत आणून देणार आहात का?"

"नाही देऊ शकणार," ताई म्हणाली. "तरी तिला पाठवू नका."

मला तिचा अभिमान वाटला, आणि भीतीही. ती चुकली असती तर त्या घराने तिला कधीच माफ केलं नसतं.

चाचणीत तोफेने शेवटचा गोळा बाकीच्यांपेक्षा वीतभर लांब टाकून जागा पटकावली. तिचे वडील स्वतःचा टेप घेऊन पंचांचं माप तपासायला धावले; त्यांना आवरताना माझ्या नाकी नऊ आले.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, तोफ खडू घेऊन दारातच उभी.

"मॅडम, आज तुम्ही."

बरीच टाळाटाळ करून ताईने उडी मारली. ठसा चांगला वीतभर खाली आला. सगळे हसले.

"वय झालं," ताई म्हणाली.

"वय कसलं," मी म्हणालो. "तोफेला घरी पाठवलं तेव्हापासून हिच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही."

तोफेचं हसू थांबलं. तिने ताईच्या हातातून हॉलच्या किल्ल्या काढून घेतल्या.

"घरी जा, जेवा आणि झोपा," ती म्हणाली. "चार दिवस."

आणि आमची ताई, जिने आजवर कोणाचं ऐकलं नव्हतं, निमूटपणे आपली पर्स शोधू लागली.